ताल्वियाचे राष्ट्राध्यक्ष, मुक्काम जठारपेठ

अकोल्यात असताना मी सव्वादोन वर्षं सर्वोच्च न्यायालय होतो. एकटाच. कायदा शिकलो नव्हतो, काळा कोटही नव्हता. बियाण्यांच्या एका कंपनीत उगवण तपासायची नोकरी होती माझी. ओल्या कागदाच्या घडीत शंभर दाणे मांडायचे, सात दिवसांनी घडी उघडायची, किती उगवले ते मोजायचं आणि लिहायचं. जठारपेठेतल्या सरांच्या घराची वरची खोली भाड्याने बघायला गेलो, तेव्हा सरांनी या कामाची बारकाईने चौकशी केली. एखादा दाणा अर्धवटच उगवला तर काय करता? बियाणं ओळखीच्या माणसाचं असेल तर चार दाणे जास्त उगवतात का? मी म्हटलं, दाण्याला कुठे ठाऊक असतं मालक कोण ते. सरांनी आत वळून काकूंना सांगितलं की खोली दिली, आणि मला म्हणाले, "उद्यापासून न्यायव्यवस्था तुमच्याकडे." मला वाटलं, गच्ची झाडण्याला इकडे असं म्हणत असतील. मी धामणगाव रेल्वेचा, म्हणजे वऱ्हाडातलाच, पण प्रत्येक घराची बोली निराळी असते.

सर नागरिकशास्त्राचे. इतिहासाच्या शेपटीला बांधलेला वीस मार्कांचा तो विषय शाळेत जो मास्तर रिकामा सापडेल त्याच्या गळ्यात पडायचा. आमच्या सरांनी मात्र तो मागून घेतला आणि चौतीस वर्षं शिकवला. मुलं परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी राज्यपालाची पात्रता पाठ करायची आणि दुसऱ्या दिवशी पेपरात लिहून मोकळी व्हायची. मार्कांच्या बाबतीत सरांचा हात आखडता. वीसपैकी सतराच्या वर त्यांनी जन्मात कोणाला दिले नाहीत. पालक भांडायला आले की ते शांतपणे सांगत, उरलेले तीन मार्क पोरगं नागरिक झाल्यावर देईन, तेव्हा त्याला पाठवा. कोणी आलं नाही. त्यांची मुलं डॉक्टर झाली, पोलीस झाली, एक तर आमदाराचा पीए झाला. सर सगळ्यांची नावं सांगत आणि शेवटी मान हलवून म्हणत, "पण नागरिक एकही झाला नाही."

निवृत्तीनंतर त्यांच्या मुलीने अमरावतीहून आपला जुना लॅपटॉप पाठवला. हेतू एवढाच, की आईबाबांचं तोंड रोज दिसावं. सरांनी त्यावर आठवड्याभरात तो खेळ शोधून काढला. त्यात जगभरातली माणसं एखाद्या देशाचे नागरिक म्हणून नाव नोंदवतात, पक्ष काढतात, निवडणुका लढवतात, कायदे करतात, लढायाही करतात. देश सगळे खोटे, माणसं सगळी खरी. सरांनी नकाशावरचा सगळ्यात लहान देश निवडला. ताल्विया नावाचं ते बेट. जेमतेम ऐंशी नागरिक, बारा जणांची संसद आणि लोकांनी थेट निवडून दिलेला राष्ट्राध्यक्ष. संसदीय पद्धत त्यांनी चौतीस वर्षं शिकवली होती, तिचा त्यांना आता वीट आला होता.

मी राहायला गेलो तेव्हा सर ताल्वियाचे मंत्री होते. मग त्यांनी राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवली आणि जिंकली, कारण प्रतिस्पर्ध्याचं कॉलेज सुरू झालं आणि तो प्रचाराला फिरकलाच नाही. शपथविधी ओसरीवर झाला. काकूंनी पाट मांडला, सरांनी पाटावर उभं राहून शपथ घेतली, आणि ती त्यांना देणारा मी होतो. काकू फोडणी करपेल म्हणून मधूनच आत गेल्या, ते सरांनी सभात्याग म्हणून लिहून ठेवलं.

त्या खेळात दिवस बदलायचा आपल्याकडच्या दुपारी साडेबाराला. त्यामुळे सव्वाबारापासून सर कार्यालयात असत. कार्यालय म्हणजे ओसरीवरचं टेबल. अंगात इस्त्रीचा शर्ट, वर बंद गळ्याचं जाकीट आणि खाली पट्ट्यापट्ट्यांची अर्धी चड्डी, कारण टेबलाखालचा भाग घटनेच्या कक्षेत येत नव्हता. अकोल्याच्या मे महिन्यात, कूलरसुद्धा गरम वारा फेकत असताना, हा माणूस जाकीट घालून बसायचा. समोर त्याला कोणी पाहत नव्हतं. मी एकदा तसं म्हणालो, तर उत्तर आलं, "पद पाहत असतं."

पदावर असताना सर पुस्तकी मराठी बोलत. पदावरून उतरले, म्हणजे जेवायला बसले, की वऱ्हाडी. ओसरीच्या भिंतीला शाळेने मोडीत काढलेला एक फळा टांगला होता, त्याला सर राजपत्र म्हणत. त्यावर खडूने ते रोज ताल्वियाच्या घडामोडी लिहीत आणि दूधवाल्यापासून कुरिअरवाल्यापर्यंत जो सापडेल त्याला अध्यक्षीय पद्धत समजावून सांगत. पंतप्रधान हा संसदेच्या कडेवर बसलेला असतो, तिने ठरवलं की खाली उतरवते. राष्ट्राध्यक्षाला लोकांनी निवडलेलं असतं, तो स्वतःच्या पायावर उभा. संसद त्याला नुसती रुसून घालवू शकत नाही आणि तोही संसद बरखास्त करू शकत नाही. तिने कायदा केला आणि याला पटला नाही, तर हा व्हेटो लावणार. त्यावर संसदेने पुन्हा दोन-तृतीयांश मतं जमवली, तर याने गुमान सही करायची. दूधवाला विचारायचा, मंग दोघाईचं पटलं नाई त? सर आतल्या दाराकडे बोट दाखवायचे. "चाळीस वर्षं झाली. न ती मले बरखास्त करू शकते, न मी तिले. चालूनच राहिलं ना?"

घरही याच पद्धतीने चाले. सर कार्यकारी प्रमुख. संसद दोन सदस्यांची, काकू आणि व्हिडिओ कॉलवर अमरावतीची मुलगी. न्यायालय मी. शनिवारी कढीगोळे करायचं काकूंनी ठरवलं की सर व्हेटो लावत, त्यांना पिठलं हवं असे. पहिल्याच वेळी प्रश्न आला की दोन सदस्यांचे दोन-तृतीयांश म्हणजे किती. गणिताने एक पूर्णांक एक-तृतीयांश बाई येत होती. मी निकाल दिला की अपूर्णांक बाई चालणार नाही, दोघी पाहिजेत. सरांना वाटलं आपण जिंकलो. पण मायलेकी एकमेकींना सोडून मत देतच नव्हत्या, त्यामुळे मी तिथे होतो तोवर सरांचा एकही व्हेटो टिकला नाही. आम्ही कढीगोळे खाल्ले. न्यायालयाची एक पंगत संसदेच्या स्वयंपाकघरात ठरलेली होती, यात गैर काही आहे असं मला कधी वाटलं नाही.

माझ्या पदाचा एक मोठा फायदा होता. आमच्याकडे नळ चार-पाच दिवसांनी यायचा. त्या दिवशी घरातलं प्रत्येक माणूस आणि प्रत्येक भांडं कामाला लागायचं. सरांनी फळ्यावर लिहून टाकलं की न्यायव्यवस्था कार्यकारी कामापासून अलिप्त असावी, त्यामुळे न्यायमूर्तींनी पाइप धरू नये. मी अतिशय आदराने हा निर्णय मान्य केला. तो दोन नळ टिकला. तिसऱ्या नळाला काकूंनी माझ्या हातात पाइप दिला आणि म्हणाल्या, "न्यायमूर्ती आंघोळ करते का नाई?"

चांदूर रेल्वेच्या लग्नाची गोष्ट तर अकोला-अमरावती दोन्ही जिल्ह्यांतल्या नातेवाइकांत अजून सांगतात. काकूंच्या भाचीचं लग्न आणि नेमकी त्याच वेळी शेजारच्या बेटाशी लढाई. सर येईनात. राष्ट्राध्यक्ष सैन्याचा प्रमुख असतो, तो लग्नाला जात नाही, असं त्यांचं म्हणणं. काकूंनी त्यांच्याच फळ्याकडे बोट दाखवलं, लढाई जाहीर करायचा अधिकार संसदेचा आहे, आणि ही संसद आता चांदूरला जात आहे. सर आले. मंगल कार्यालयात मोबाइलला रेंज कुठेच नाही. शोधता शोधता ती सापडली स्टेजवर, नवरानवरीच्या बरोब्बर मागे. सर तिथे जे उभे राहिले, ते तह होईपर्यंत हलले नाहीत. त्या लग्नाच्या प्रत्येक फोटोत जोडप्याच्या मागे जाकिटातला एक गंभीर माणूस खाली मान घालून उभा आहे. एका फोटोत त्याचा हात वर गेलेला दिसतो, तो तहावर सही झाली त्या क्षणाचा. आहेर देणारे सरांनाही नमस्कार करून जात होते.

आता डोळ्याचं सांगतो. सरांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू होता आणि उजव्यातही सुरू झालेला. मुलीने अमरावतीला डॉक्टर बघून ठेवला होता. सर म्हणाले, कार्यकाळ संपल्यावर. कार्यकाळ दोन महिन्यांचा असे. तो संपला, सर पुन्हा निवडून आले आणि पुन्हा म्हणाले, कार्यकाळ संपल्यावर. असं करत करत पाचवा कार्यकाळ आला. तोवर सरांनी पडद्यावरची अक्षरं इतकी मोठी केली होती की एका वेळी एकच शब्द मावायचा. चहाची बशी टेबलाच्या काठाबाहेर ठेवू लागले. काकूंनी बशी देणं बंद करून स्टीलचा पेला द्यायला सुरुवात केली, आणि तोही त्यांच्या हाताला लावून मगच सोडायच्या.

सर सगळं वाचू शकत नव्हते आणि ते मान्यही करत नव्हते. संध्याकाळी मी कामावरून आलो की संसदेतली भाषणं मला वाचायला लावत, म्हणत, तुमचा उच्चार सुधारेल. पण दुपारची कागदपत्रं त्यांची त्यांनाच उरकावी लागत. त्यात नव्या नागरिकांचे अर्ज असायचे. अर्जात एक रकाना होता, नागरिकत्व कशासाठी हवं. लोक काहीबाही छान लिहीत, शांतता, मैत्री, लोकशाही. सर प्रत्येक अर्जाखाली एकच शेरा टाकत, 'हेतू स्तुत्य. मंजूर.' बटणं पाठ झाली होती, त्यामुळे वाचायची गरज पडत नव्हती. हाच माणूस वर्गात चौतीस वर्षं सांगत आला होता की न वाचता सही करणारा माणूस मालक असो की नोकर, तो गुलामच.

एक दिवस काकू फोन घेऊन वर माझ्या खोलीत आल्या. सर दिवसभर ज्यात असतात तो खेळ यात येतो का, म्हणाल्या. मी दाखवला. मराठीत लिहिलेलं चालतं का? मी भाषांतराचं बटण दाखवलं. आपण मराठीत लिहायचं, जगाला ते इंग्रजीत दिसतं. सर ते बटण वापरत नसत, त्यांच्या मते ती कॉपी होती. काकूंनी माझ्यासमोर खातं उघडलं आणि नाव घातलं, इंदू. अर्ज मात्र खाली स्वयंपाकघरात जाऊन भरला. जाताना म्हणाल्या, "दोन महिने मुकाट राह्यजो बावा. तुले कढीगोळ्याची आण आहे."

मी मुकाट राहिलो. महिन्याभरात इंदूबाई ताल्वियाच्या संसदेत निवडून गेल्या. आणि मग माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात अवघड संध्याकाळी सुरू झाल्या, कारण सर मला त्यांची भाषणं वाचायला लावायचे. इंदूबाईंचं सगळं बोलणं साधं आणि मुद्द्याचं. धान्याच्या साठ्यावर बोलल्या, बेटावरच्या पाण्याच्या वाटपावर तर असं बोलल्या की सरांनी टेबलावर थाप मारली. त्यांचा अंदाज होता की बाई श्रीलंकेची असावी. काकू तिथेच दाराशी तुरीची दाळ निवडत बसलेल्या असत. सर त्यांच्याकडे वळून सांगत की बघ, संसदेत असं बोलतात, तूही काहीतरी शिक. काकू म्हणत, हो, शिकते. मी पाणी प्यायला उठायचो.

मग ते विधेयक आलं. विरोधी पक्षाची नेता पोलंडची एक नर्स होती. सर तिला पोलंडवाली ताई म्हणत आणि तिचा फार मान ठेवत. तिने मांडलं की ताल्वियात कोणालाही लागोपाठ दोनपेक्षा जास्त वेळा राष्ट्राध्यक्ष होता येऊ नये, आणि जो झाला असेल त्याने हा कायदा होताच पद सोडावं. विधेयक साध्या बहुमताने मंजूर झालं. सरांनी व्हेटो लावला.

मला ते पटलं नाही. याच ओसरीवर मी त्यांच्याकडून वीस वेळा ऐकलं होतं की खुर्ची गरम व्हायच्या आत उठावं. मी तसं बोलून पाहिलं. सर तेव्हा पदावर होते तरी त्यांच्या तोंडून वऱ्हाडी निघाली. "न्यायमूर्ती, चौतीस वर्षं खुर्चीवर बसून राज्य कसं चालते ते शिकवलं. कोणी ऐकलं नाई. आता ऐंशी लोक ऐकून राहिले. मी उठलो त मंग करू काय? नळाची वाट पाहू?"

डोळ्याचं नाव काढायचा धीर मला झाला नाही.

व्हेटो मोडायला बारापैकी आठ मतं हवी होती. सरांच्या हिशेबाने विरोधात सात पक्की होती आणि बाजूने चार. राहिल्या इंदूबाई. सर निर्धास्त होते. बाई तत्त्वाची आहे, म्हणाले, नुसत्या लोकप्रियतेच्या लाटेत वाहायची नाही. मतदान रविवारी बारा ते साडेबारा, आणि त्या रविवारी बारालाच नळ आला.

सर जाकीट घालून ओसरीवर, मी त्यांच्या शेजारी, काकू अंगणात एका हातात पाइप आणि कमरेला मोबाइल खोचून. मतं एकेक करून पडद्यावर येत होती, मी वाचत होतो. बारा वाजून पंचवीस मिनिटांनी सात विरुद्ध चार झाले. सरांनी रुमालाने कपाळ पुसलं. काकूंनी पाइप ड्रममध्ये सोडला, ओले हात पदराला कोरडे केले, चष्मा लावला, कमरेचा मोबाइल काढून त्यावर एकदाच बोट ठेवलं आणि पुन्हा पाइप उचलला. मी पडद्यावरचं आठवं मत वाचलं. सर म्हणाले, पुन्हा वाचा. मी पुन्हा वाचलं.

मग पोलंडवाल्या ताईचा निरोप आला आणि तोही मलाच वाचावा लागला. तिने लिहिलं होतं की राष्ट्राध्यक्षांनी पाच कार्यकाळ देशाची सेवा केली याबद्दल संसद कृतज्ञ आहे, त्यांच्या पत्नीचं सभागृहातलं काम फार मोलाचं आहे, आणि शस्त्रक्रियेनंतर डोळ्यांत पाणी जाऊ देऊ नये.

सरांनी हळूहळू मान अंगणाकडे वळवली. "इंदू कोण आहे?"

काकूंनी ड्रममधून पाइप काढून बादलीत घातला. "मी," म्हणाल्या.

सुनावणी त्याच दुपारी चार वाजता झाली. निकालावर हरकत घ्यायला सरांकडे दुसऱ्या दिवशीच्या साडेबारापर्यंतचा वेळ होता. हरकतीचा मजकूर तयार होता, फक्त पाठवायचा बाकी होता, पण घरच्या न्यायालयाला विचारल्याशिवाय ते पाठवणार नव्हते, एवढी पद्धत त्यांनी त्याही अवस्थेत पाळली. आवाज ऐकू येईना म्हणून मी कूलर बंद करायचा आदेश दिला. तिघेही घामाने निथळत बसलो.

सरांचा मुद्दा सरळ होता. ताल्वियात कायदा आहे आणि तो त्यांच्याच सहीचा आहे, की एका घरातून दोघे नागरिक असतील तर दुसऱ्याने ते जाहीर करून राष्ट्राध्यक्षाची मंजुरी घ्यावी, नाहीतर त्याचं मत बाद. असल्या अर्जाला त्यांनी मंजुरी दिलेली नाही. म्हणून हे मत बाद, व्हेटो कायम आणि तेही कायम. बोलून झाल्यावर त्यांनी मला विचारलं की हे खातं काढलेलं तुम्हाला ठाऊक होतं का. मी हो म्हटलं. त्यांनी एवढंच केलं, की माझ्याकडे वळवलेली मान परत सरळ केली. मला वरच्या खोलीतलं सामान डोळ्यांपुढे दिसायला लागलं, गादी, कपाट, दोन खुर्च्या.

काकूंनी मोबाइल माझ्यापुढे धरला. मी अर्ज उघडला, मूळ मजकुराचं बटण दाबलं आणि मोठ्याने वाचलं. नाव, इंदू. घरात आणखी कोणी नागरिक आहे का, हो, नवरा, सध्या राष्ट्राध्यक्ष. नागरिकत्व कशासाठी हवं, राष्ट्राध्यक्षाचा मोतीबिंदू काढायचा आहे, ते खुर्चीवरून उठून नाई राहिले. त्याच्याखाली शेरा होता. हेतू स्तुत्य. मंजूर.

"शेरा कोणाचा आहे?" सरांनी विचारलं.

"तुमचा, सर."

अर्ज सगळ्यांना दिसणारे असायचे. म्हणजे गेले दोन महिने ब्राझीलपासून पोलंडपर्यंत अख्ख्या ताल्वियाला माहीत होतं की आपल्या राष्ट्राध्यक्षाला मोतीबिंदू आहे आणि इंदूबाई त्याची बायको आहे. ठाऊक नव्हतं ते एकट्या राष्ट्राध्यक्षाला. मला हसू येत होतं आणि ते दाबताना पोटात दुखत होतं. पण सरांकडे पाहिलं आणि हसू गेलं.

"इंदू हे नाव कुठलं काढलं?" त्यांनी हळूच विचारलं.

"माह्यं आहे. माहेरचं. लग्नात तुमीच तांदळात दुसरं लिवलं ना, तवापासून कोणी हाक मारली नाई."

चाळीस वर्षांपूर्वी ताटातल्या तांदळात अंगठीने बायकोचं नवं नाव लिहिताना आपण जुनं पुसलं, हे सरांच्या आता लक्षात येत असावं. दोन महिने ते नाव त्यांच्यापुढे होतं आणि ते श्रीलंकेत शोधत होते. मला त्या वेळी दोघांबद्दलही फार वाईट वाटलं.

मग त्यांनी शेवटचा प्रश्न विचारला. म्हणजे डोळ्यासाठी मला पाडलंस?

काकू म्हणाल्या, "डोयासाठी आली होती. मत डोयासाठी नाई दिलं. इथं ओट्यावर तीस वर्षं तुमच्या शिकवण्या चालत, अन् मी आत दाळ निवडत बसो. पोरांनी ऐकलं नाई, मी ऐकलं. दोन खेपेच्या वर कोणी बसू नये, मंग तो कितीबी चांगला असो, हे तुमचंच होतं. कायदा बरोबर होता. तुमचा डोया चांगला असता, तरी मी हेच मत दिलं असतं."

मी निकाल दिला. अर्ज जाहीर होता, मंजुरी राष्ट्राध्यक्षांचीच होती, सही न वाचता केली हा बचाव होऊ शकत नाही, मत वैध. सर उठले, जाकिटाची गुंडी लावली, हरकतीचा मजकूर काढून टाकायला मला सांगितलं आणि फळ्यापाशी गेले. संसदेने फिरवलेला व्हेटो राष्ट्राध्यक्षाने स्वतः राजपत्रात लिहायचा असतो. त्यांनी डस्टरने फळा पुसला, पण पुसला गेला निम्माच. उरलेल्या जुन्या ओळींवरच ते नवा कायदा लिहीत गेले. अक्षरांवर अक्षरं चढत होती आणि त्यांना दिसत नव्हती. काकूंनी उठून त्यांच्या मागून जुन्या ओळी पदराने पुसल्या. सरांनी लिहायचं थांबवलं नाही. खाली सही करून ते म्हणाले, "अमरावतीले फोन लाव."

दोन्ही डोळे अमरावतीलाच, महिन्याच्या अंतराने झाले. सर काळा चष्मा लावून परत आले आणि पोलंडवाली ताई आता राष्ट्राध्यक्ष असल्याने त्यांना दुपारी काही काम नव्हतं. पहिले दोन दिवस त्यांनी घर वाचलं, कॅलेंडर, डब्यांवरच्या चिठ्ठ्या, माझ्या भाडेकराराच्या अटी. त्यात मी एक मोडत होतो ती निघाली. तिसऱ्या दिवशी त्यांनी लॅपटॉप उघडला आणि संध्याकाळी मला खाली बोलावलं. टेबलावर एक कागद होता. सरांनी इंदूबाईंचा अर्ज आणि आठव्या मताला जोडलेलं, आदल्या रात्रीच लिहून ठेवलेलं त्यांचं भाषण स्वतःच्या हाताने, सुवाच्य अक्षरात उतरवून काढलं होतं, आणि ट्रंकेतलं लाल शाईचं पेन शोधून समासात जागोजागी बरोबरच्या खुणा केल्या होत्या. वर कोपऱ्यात वर्तुळात मार्क होते. वीसपैकी एकोणीस.

काकूंना हाक मारून त्यांनी कागद हातात दिला. त्यांचे डोळे ओले झाले होते आणि ताईच्या सूचनेविरुद्ध ते तसेच होते. "चौतीस वर्षांत एक निघाला," म्हणाले, "अन् तो बी घरात."

काकूंनी कागद वरून खालपर्यंत वाचला, मग उलटून पाहिला. एक मार्क कशाचा कापला, त्यांनी विचारलं. सर म्हणाले, शेवटच्या ओळीत सभापतींची परवानगी न घेता बोलली आहेस. काकू म्हणाल्या, परवानगी घेतली होती, पहिल्याच ओळीत आहे. सर म्हणाले, ती पहिल्या मुद्द्यापुरती. दोघं तिथेच जुंपले, आणि काकूंनी त्या रात्रीच्या जेवणाआधी न्यायालयात फेरतपासणीचा अर्ज दाखल केला.

पुढे माझी बदली अमरावतीला झाली आणि जठारपेठेची खोली सुटली. सरांचा आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी फोन येतो, एका मार्काचा निकाल लागला का म्हणून. मागून काकू ओरडून आपली बाजू मांडतात, मग सर, मग पुन्हा काकू, मग मी जेवलो का, लग्नाचं काय, अमरावतीत नळ रोज येतो का. दोन्ही बाजू ऐकून मी दर वेळी पुढची तारीख देतो. खरं तर मार्क वीस आहेत, हे मी पहिल्याच दिवशी मोजलं होतं. पण निकाल लावला, तर त्या दोघांना मला फोन करायला कारण उरणार नाही, म्हणून प्रकरण अजून माझ्यापुढे प्रलंबित आहे.